घोडा का अडला? पाय की श्वास?

रपेटवाला (पुणे)

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे पण ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी कृपया पूर्ण वाचा, मदत खरंच हवी आहे.

माझी घोडी चंद्रा, थरोब्रेड, ९ वर्षांची. रेसमधून निवृत्त झाली तेव्हा घेतली, गेली तीन वर्षं तिच्यावर शो जंपिंग करतोय, मोठं काही नाही, ९० सेंटिमीटरपर्यंतचे अडथळे. मागच्या सीझनला रिंगणात शिरली की मला नुसतं बसून राहायचं काम असायचं. यंदा पावसाळा संपल्यावर काम सुरू केलं आणि घोडी वेगळीच. पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीनदा खोकते आणि मग खोकला थांबतो. ट्रॉटला (दुडकीला) पाऊल आखूड पडतंय. उजव्या हाताच्या वळणावर कँटरला (सावकाश दौडीला) लीड, म्हणजे पुढे टाकायचा पाय, चुकीचा घेते. आणि दोन राउंड नीट करून तिसऱ्याला अडथळ्यासमोर येऊन चक्क उभी राहते. उतरून बघावं तर नाकपुड्या फुललेल्या, पोट भात्यासारखं, पूर्वी दहा मिनिटांत श्वास खाली यायचा तिथे आता पंचवीस मिनिटं लागतात.

लंगडत नाहीये. मी, सायस (घोडीची देखभाल करणारा) आणि इन्स्ट्रक्टर तिघांनी सरळ रेषेत दुडकीवर पळवून बघितलं, डोकं हलत नाही.

जिथे ठेवलीय तिथे सगळ्यांचं एकच, घोडा का अडला, भाकरी का करपली, फिरवली नाही म्हणून. पावसात दोन महिने काम झालं नाही, अंगात आळस भरलाय, आता दाबून काम घे, चाबूक दाखव. मागच्या रविवारी मी दाखवला. दाखवला म्हणजे मारला, तीनदा. चौथ्या वेळी तिने उडी घेतली, पलीकडे उतरली आणि तिथेच मान खाली टाकून उभी राहिली, आणि तिच्या श्वासाचा आवाज मला खोगिरावर बसून ऐकू येत होता. तेव्हापासून झोप नीट लागलेली नाही. काय बघू, कुठून सुरू करू?

सारंगखेडेकर

दादा तुम्ही मारलं ते मोकळेपणाने लिहिलं, बरं केलं. आमच्या घरी तीन पिढ्या मारवाडी घोडे आहेत, दत्तजयंतीच्या यात्रेत घेणं-विकणं चालतं, त्यामुळे रोज चार माणसं घोड्याचे पाय विचारायला येतात. एक सांगतो, रेवाल चालीत (मारवाडी घोड्याची झपझप, न हिसकणारी चाल) घोडा चालवून दाखवला ना तर लंगडणं झाकून जातं, चाल इतकी गुळगुळीत असते की डोकं हलायला जागाच नाही. म्हणून आमचे आजोबा घोडा घेताना रेवाल बघून झाली की खोगीर काढायला लावायचे, दोर ढिला सोडायचे आणि कडक जमिनीवर दुडकी चालवायचे आणि स्वतः डोळे मिटून उभे राहायचे. टापा ऐकायचे. टक टक टक टक एकसारखं आलं पाहिजे, एक टाप हलकी आली की तो पाय घोडा वाचवतोय. तुम्ही मऊ वाळूत पळवलं असणार. डांबरी रस्त्यावर पळवा आणि ऐका.

पशुवैद्य_ताई

काकांचं (की दादांचं?) कान लावण्याचं एकदम बरोबर. मी घोड्यांचंच काम करते, आधी रेसकोर्सवर होते, आता रायडिंगच्या घोड्यांवर जास्त. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमच्या पोस्टमधल्या काही गोष्टी मी सोडू शकत नाही.

पहिलं, "डोकं हलत नाही म्हणजे लंगडत नाही" हे मनातून काढा. पुढचा एक पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं, बरोबर. पण दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर? डोकं कुठल्या बाजूला वाचवणार? मग लंगडणं दिसतच नाही, फक्त पाऊल आखूड होतं, घोडा "कोता" चालतो आणि मालक म्हणतो स्ट्राइडच छोटा झालाय. कडक जमिनीवर लहान वर्तुळात दोन्ही हातांना ट्रॉट करून बघा. खुरातलं दुखणं असेल तर बहुतेक वेळा आतला पाय जास्त बोलतो. उलट मऊ, खोल वाळूत जास्त बिघडत असेल तर नस (पायामागची कंडरा) किंवा सस्पेन्सरीचा (पाय पेलणाऱ्या अस्थिबंधाचा) संशय घ्यायचा.

दुसरं, तो खोकला. लोक म्हणतात घसा साफ करते. घोडा माणसासारखा येता-जाता खोकत नाही, कामाच्या सुरुवातीला रोज दोन-तीनदा खोकणं म्हणजे खालच्या श्वासनलिकांना सूज आहे असं धरून चालायचं आणि तपासायचं. निवांत उभ्या घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात. उद्या सकाळी चंदी द्यायच्या आधी, ती शांत असताना, बरगडीमागे बघून मोजा आणि लिहून ठेवा.

तिसरं, "दाबून काम घे". ट्रेनिंगने घोड्याचं हृदय सुधारतं, स्नायू सुधारतात, रक्त सुधारतं. फुफ्फुस जवळजवळ सुधारत नाही. जे आहे ते आहे. पूर्ण दौडीत घोडा मिनिटाला दीड हजार लिटरच्या वर हवा आत-बाहेर करतो, तीही फक्त नाकाने, कारण त्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही. आणि कँटर-गॅलपला एक स्ट्राइड म्हणजे एकच श्वास. पुढचे पाय जमिनीवर येतात तेव्हा हवा बाहेर, पाय हवेत असतात तेव्हा आत. पाय आणि श्वास एका दोरीत बांधलेले आहेत. पाऊल आखूड झालं की श्वासाची लय बदलते, श्वास कमी पडला की स्नायू लवकर थकतात आणि थकलेला घोडा पाय वाकडातिकडा टाकतो. म्हणून "पाय की श्वास" असं विचारू नका. दोन्ही बघा, एकाच आठवड्यात.

जंपिंग_नाशिक

ताईंचा मुद्दा मान्य पण प्रत्येक वेळी एवढं करायचं म्हटलं तर माणूस विकला जाईल. आमच्याकडे साधा हिशोब असतो, दोन दिवस ब्यूट (फिनाइलब्युटाझोन, घोड्यांचं वेदनाशामक) द्या, घोडा सुधारला तर पाय, नाही सुधारला तर नखरे.

पशुवैद्य_ताई

नाशिककर, पैशाची अडचण खरी आहे, रोज बघते. पण हा हिशोब चुकीचा आहे. ब्यूटने अजिबात फरक न पडणारी पायाची दुखणी भरपूर आहेत, जुनी झालेली तर विशेष. दोन दिवसांत सुधारला नाही म्हणून ज्यांना नखरेल ठरवलं असे घोडे मी नंतर नर्व्ह ब्लॉकवर (पाय सुन्न करायच्या इंजेक्शनवर) सरळ होताना पाहिलेत. शिवाय ब्यूट खाऊन दुखणं दबलं आणि त्याच पायावर उड्या मारल्या तर आज जी नस फक्त सुजलीय ती उद्या फाटेल. स्पर्धेच्या आसपास तर तो देताच येत नाही, डोप टेस्टला सापडतो. आणि पोटात अल्सर, किडनीवर ताण हे वेगळंच.

नखऱ्यांबद्दल म्हणाल तर इंग्लंडच्या डॉ. स्यू डायसन यांनी रायडर बसलेला असताना घोड्याच्या २४ हालचालींची यादी केलीय, कान मागे, डोळे अर्धे मिटलेले, तोंड सतत उघडं, शेपटी फटकारणं, लीड चुकणं, अडणं वगैरे. त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता दाट. रपेटवाले, तुमचा कोणी व्हिडिओ काढला असेल तर शांतपणे बसून मोजा.

रपेटवाला (पुणे)

मोजल्या. माझ्या भावाने काढलेला त्याच रविवारचा व्हिडिओ आहे. ११ आल्या.

पुढे काही लिहवत नाही. सोमवारी डॉक्टर येतायत.

तिसरी_पिढी_नालबंद

भाऊ, डॉक्टर येण्याआधी एक काम करा, पुढच्या दोन्ही खुरांचे बाजूने फोटो काढा, मोबाइल जमिनीवर टेकवून, सपाट फरशीवर. आणि नाल कधी बसवली होती ते सांगा.

रपेटवाला (पुणे)

फोटो टाकले आहेत. नाल... नऊ आठवडे झाले असतील. पावसात काम नव्हतं म्हणून लांबवलं. आमचे नालबंद गावाला गेले होते.

तिसरी_पिढी_नालबंद

फोटो बघितले. राग मानू नका पण घोडी खुराच्या टोकावर लटकलीय. टोक पुढे वाढलंय, टाच खाली दबून पुढे सरकलीय, वरून पायाची रेष येते ती खुरापाशी मोडते. रेसमधून आलेल्या घोड्यांत हे खूप दिसतं, तिथे टोक लांब ठेवायची सवय असते, नंतर कोणी वेळेवर सुधारलं नाही की तसंच चालू राहतं. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, नाल असली की टोक झिजत नाही, सगळी वाढ पुढे जाते. मग पाय उचलताना टोक जमिनीवरून सुटायला उशीर होतो आणि तेवढा वेळ मागची खोल नस छोट्या नॅव्हिक्युलर हाडावर दाबत राहते. उडी घेताना आणि उतरताना ते किती होत असेल विचार करा. चार ते सहा आठवड्यांच्या वर जाऊ नका, काम असो वा नसो. आणि एकदम सगळं कापायला सांगू नका कोणाला, दोन-तीन नालबंदीत हळूहळू टोक मागे आणायचं. माझे वडील म्हणायचे खूर हा घोड्याचा पाया, पाया एका दिवसात खणत नाहीत.

उट्रेख्तकर

मी नेदरलँड्समध्ये असते, इथे एका यार्डवर वीकेंडला काम करते. श्वासाबद्दल विचारायचं होतं, आवाज कसा आहे? श्वास आत घेताना शीळ किंवा घरघर, की बाहेर सोडताना? आमच्याकडे एका १७ हँडच्या (हँड म्हणजे उंचीचं माप, चार इंच) घोड्याला आत घेताना शिटीसारखा आवाज यायचा, तो रोअरर निघाला. डच लोक त्याला कोर्नाज म्हणतात, इथल्या केडब्ल्यूपीएन स्टडबुकात (घोड्यांच्या जातीच्या नोंदवहीत) पैदाशीचा नर पास करताना त्याची तपासणी होते, इतकं ते गंभीरपणे घेतात. स्वरयंत्राची डावी बाजू उघडतच नाही कारण डावीकडची नर्व्ह छातीत जाऊन हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परत वर येते, फार लांब नर्व्ह आहे, उंच घोड्यांत तिचं टोक मरत जातं. त्याचं टाय-बॅक (ती बाजू उघडी बांधून ठेवायचं) ऑपरेशन झालं, आता तो चालतो.

रपेटवाला (पुणे)

आवाज शिटीसारखा नाही, आणि दोन्ही वेळा येत नाही. बाहेर सोडताना जास्त जोर लावते, पोट दोनदा आत जातं असं वाटतं. चंद्रा १५.३ हँड आहे. शांत असतानाचे श्वास तीन सकाळी मोजले, २२, २४, २२.

पशुवैद्य_ताई

बाहेर सोडताना पोटाचा जोर आणि बसल्या जागी २२ हे स्वरयंत्रापेक्षा खालच्या नळ्यांकडे बोट दाखवतं. तुमच्या डॉक्टरांना कामानंतर अर्ध्या-एक तासात स्कोप (नाकातून कॅमेऱ्याची नळी) घालायला सांगा, श्वासनलिकेत चिकट स्राव किती आहे ते दिसेल, आणि जमलं तर फुफ्फुस धुऊन पेशी तपासायच्या. स्वरयंत्राकडे त्याच वेळी बघून होईल. उभ्या घोड्यात सगळं ठीक दिसून पळताना बिघडणारे प्रकारही असतात, मऊ टाळू सरकणं त्यातलंच, त्याला ओव्हरग्राउंड स्कोप (घोडा पळत असताना बघायचा) लागतो, पण ती पुढची पायरी.

आणि कृपया सांगा, गवत कुठे ठेवता?

रपेटवाला (पुणे)

दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा.

आधी पाय. डॉक्टरांनी सिमेंटवर वर्तुळात पळवली, उजव्या हाताला थोडी उजव्या पायावर, डाव्या हाताला थोडी डाव्यावर, सरळ रेषेत काहीच नाही. मग उजव्या पुढच्या पायाला पास्टर्नच्या (खुराच्या वरच्या भागाच्या) मागे दोन्ही बाजूंना सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटं थांबलो. परत सरळ रेषेत पळवली आणि माझ्या डोळ्यांदेखत घोडी डाव्या पायावर लंगडायला लागली, असं तसं नाही, डोकं असं हलत होतं की सायसने दोर सोडूनच दिला. उजवं दुखणं बंद झालं म्हणून डावं बाहेर आलं. मग डाव्यालाही इंजेक्शन दिलं आणि तिने पाऊल टाकलं... मंडळी, ते मागच्या सीझनचं पाऊल होतं. लांब, खांद्यातून सुटलेलं. तीन वर्षं मी त्या पाठीवर बसलोय आणि मला कळलं नाही की ती दोन्ही पायांनी दुखणं सांभाळत मला उड्या मारून देतेय. एक्स-रेत हाड बरं आहे, खुरातला त्याचा कोन सपाट झालाय. नालबंद भाऊंनी जे फोटोवरून सांगितलं तेच.

स्कोपमध्ये स्वरयंत्र ठीक, दोन्ही बाजू उघडतात. श्वासनलिकेत मात्र पांढरट चिकट स्रावाचे धागे. धुतलेल्या पाण्यात सुजेच्या पेशी भरपूर. डॉक्टर म्हणाले घोड्यांचा दमा, वेळेत सापडला.

डॉक्टरांनी पायासाठी चार आठवडे काम बंद सांगितलंय, मी म्हटलं बरं, स्टॉलमध्ये आराम करेल.

पशुवैद्य_ताई

थांबा. इथेच घोडं पेंड खातंय.

काम बंद म्हणजे स्टॉलमध्ये बंद नव्हे. तुम्ही पायासाठी तिला २२-२३ तास आत ठेवलं तर ती तेवढा वेळ तीच धूळ आणि तोच मुताचा अमोनिया घेत राहणार, नाक गवताच्या ढिगात. पाय बरा होईल आणि श्वास आणखी बिघडेल. तुमच्या बाबतीत हे एकदा झालेलंही आहे असं मला वाटतं, पावसाळ्यातले दोन महिने! काम नाही म्हणून आत, आत म्हणून खोकला, काम नाही म्हणून नाल लांबवली, म्हणून पाय. दोन्ही दुखणी एकाच वेळी, एकाच स्टॉलमध्ये वाढली. डॉक्टरांना विचारा, हातात धरून चालवायची परवानगी असेल तर दिवसातून दोन-तीनदा बाहेर काढा, आणि एखादं छोटं कुंपण घालून मिळालं तर दिवसभर बाहेर उभी राहू दे. गवताचं अजून सांगितलं नाहीत.

रपेटवाला (पुणे)

गवत स्टॉलच्या वरच्या माळ्यावर असतं. वरून खाली टाकतात.

तुमचा प्रतिसाद वाचून आज दुपारी तिथेच गेलो. एक गठ्ठा उन्हात आणला आणि सुरी घालून मधोमध उघडला. बाहेरून सोनेरी. आत तळहाताएवढे करडे डाग, दोरी जिथे घट्ट होती तिथे जास्त, आणि उघडताक्षणी धूर यावा तशी पांढरी धूळ वर आली आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली, खाली बसेचना. मला स्वतःला खोकला आला. सायस म्हणाला साहेब, रोजच असं असतं, म्हणून आम्ही तोंडाला फडकं बांधतो.

त्याने फडकं बांधलं. तिला कोण बांधणार.

सारंगखेडेकर

वाचून कसंतरी झालं. आमच्याकडे कडबा असतो, गंजी बाहेर रचलेली, पण पावसात तळाचा थर काळा पडतोच, तो आम्ही आजवर "जनावर खाईल तेवढं खाईल" म्हणून टाकायचो. उद्यापासून बंद.

ताई, गवत भिजवलं तर चालेल का? किती वेळ?

पशुवैद्य_ताई

चालेल, तेच पहिलं औषध. पूर्ण बुडवायचं, १० ते ३० मिनिटं, निथळून लगेच द्यायचं. आपल्या उकाड्यात तासन् तास भिजवलं तर आंबतं आणि जंतू वाढतात, आणि उरलेलं संध्याकाळपर्यंत तसंच ठेवायचं नाही. पण बुरशी दिसतेय ते गवत भिजवून द्यायचं नाही, टाकूनच द्यायचं. खायला जमिनीवर ठेवा, उंच जाळीत नको, डोकं खाली गेलं की नाकातून स्राव आपोआप वाहून जातो. झाडलोट घोडी बाहेर असताना. शेजारच्या स्टॉललाही हेच, कारण हवा भिंत बघत नाही.

रपेटवाले, पंपाचं औषध सुरू केलं असेल तर ते चालू ठेवा, पण धूळ तशीच ठेवून स्टेरॉइड देत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आणि पोटातून किंवा इंजेक्शनने स्टेरॉइड द्यायचं ठरलं तर खुरांचा विषय डॉक्टरांना आठवण करून द्या, लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या थराला सूज येण्याचा) धोका असतो.

जंपिंग_नाशिक

मी वरती ब्यूटचं लिहिलं होतं. आज आमच्या एका घोड्याला गॅलपनंतर एका नाकपुडीतून रक्त आलं, थोडंच. पूर्वी असतं तर पाणी मारून पुसून टाकलं असतं. हा धागा वाचत होतो म्हणून विचारतो, किती घाबरायचं?

पशुवैद्य_ताई

बरं झालं विचारलंत. पूर्ण ताकदीने पळताना फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर इतका दाब येतो की त्या फुटतात. अशा बहुतेक घोड्यांत रक्त नाकापर्यंत येतच नाही, आत राहतं, स्कोपनेच कळतं. नाकातून आलंय म्हणजे तपासायलाच हवं. पण एकाच नाकपुडीतून आलं तर उगम नाकात, सायनसमध्ये किंवा घशाजवळच्या पोकळीतही असू शकतो आणि त्यातलं एखादं कारण फार धोकादायक असतं. काम बंद, डोकं मोकळं ठेवा, नाकात काही कोंबू नका, डॉक्टरांना आजच फोन. त्याच्या स्टॉलमधलं गवतही बघा, सुजलेल्या फुफ्फुसाला रक्त येण्याची भीती जास्त.

जंपिंग_नाशिक

फोन केला. संध्याकाळी येतायत. धन्यवाद ताई, मनापासून.

उट्रेख्तकर

एक राहिलं, प्रवास. भारतात घोडे ट्रकने दिल्लीपर्यंत जातात ना स्पर्धेला? डोकं वर आखडून बांधलेला घोडा घसा साफ करू शकत नाही, एवढ्या तासांत जंतू खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. दर काही तासांनी थांबून डोकं पूर्ण खाली सोडू द्यायचं.

रपेटवाला (पुणे)

अडीच महिन्यांनी अपडेट.

दोन नालबंदी झाल्या, पाच-पाच आठवड्यांनी. टोक मागे आलंय, टाचेखाली आधार देणारी नाल आहे. गवत आता वेगळ्या शेडमध्ये, त्यासाठी तबेल्याच्या मालकांशी तीनदा बोलावं लागलं, शेवटी मी आणि अजून दोन घोडेवाल्यांनी मिळून पत्र्याचा खर्च केला. रोज पहाटे सायस आणि मी दोन पाट्या गवत भिजवतो. शांत असतानाचे श्वास १२-१४. खोकला गेल्या तीन आठवड्यांत एकदा, त्या दिवशी शेजारी कोणीतरी झाडत होतं.

कालपासून कँटर सुरू केला, दहा मिनिटं, उडी नाही. उजव्या हाताला लीड विचारला आणि तिने पहिल्याच हाकेला दिला. चाबूक घरीच आहे.

नालबंद भाऊ, आजच्या खुरांचे फोटो टाकतोय, जमिनीवर मोबाइल टेकवून काढलेत. डावी टाच मला अजून उजवीपेक्षा खाली वाटते, बघून सांगाल का? पुढची तारीख गुरुवारची आहे.